मैफलीचं शूटिंग: वेगवेगळ्या फ्रेम रेटचे कॅमेरे एकत्र आणताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत गाण्याचं शूटिंग ठरलं की कॅमेरे सहसा एका घरचे नसतात. भावे नाट्यमंदिरातला कार्यक्रम असो की मीरासाहेब दर्ग्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतली संगीत सभा, समोरचा सोनी एका लग्नवाल्या व्हिडिओग्राफरचा, बाजूचा कॅनन दुसऱ्याचा आणि तबल्यावर रोखलेला मोबाईल एखाद्या कार्यकर्त्याचा असतो. एक २५ वर चालतो, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं (फ्रेम) टिपतो, दुसरा २९.९७ वर, मोबाईल त्याला वाटेल तसा. भाषणाच्या शूटिंगमध्ये हे खपून जातं. गाण्यात नाही, कारण तबलावादकाचा हात आणि ऐकू येणारा बोल एका फ्रेमनं हलला तरी जाणकार श्रोत्याला ते खटकतं.

कॅमेरा आहे त्या सेटिंगवर सुरू करणं

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सगळे कॅमेरे २५ वर ठेवा. स्लो मोशन हवं असेल तर ५० वर. ५० मधली प्रत्येक दुसरी फ्रेम सोडली की नेमकं २५ मिळतं, त्यामुळे ही जोडी बिनधोक आहे.

सोनी आणि कॅननमध्ये मेनूत पाल (२५/५० ची व्हिडिओ पद्धत) किंवा एनटीएससी (३०/६० ची) निवडावं लागतं. पाल घेतल्याशिवाय २५ दिसतच नाही. काही जुन्या सोनी कॅमेऱ्यांत हा बदल केला की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून ते काम घरीच उरका. पॅनासॉनिकमध्ये सिस्टिम फ्रिक्वेन्सी ५० करा. गोप्रोमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर नेलं की २५ आणि ५० उघडतात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे शो पाल फॉरमॅट्स चालू आणि ऑटो एफपीएस (फ्रेम रेट आपोआप बदलणं) बंद करा. अँड्रॉइडच्या मूळ कॅमेऱ्यात बहुधा ३० आणि ६० एवढेच पर्याय असतात. फोनला चालत असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप टाकून २५ पक्कं करा. तेही जमत नसेल तर ३० पेक्षा ६० घ्या. एडिटिंगमध्ये क्लिप जिथे क्रमानं मांडतात त्या २५ च्या टाइमलाइनवर ३० ची फ्रेम खऱ्या क्षणापासून १६-१७ मिलिसेकंदांपर्यंत चुकू शकते, ६० ची फार तर ८.

शटर विसरणं

मंचावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये या लहरी पूर्ण भरतात आणि उजेड सारखा राहतो. ३० वर अडकलेल्या कॅमेऱ्याला सवयीनं १/६० दिलं की चित्र सेकंदाला साधारण दहा वेळा लुकलुकतं, आणि ते एडिटिंगमध्ये काढणं फार कटकटीचं. उपाय सोपा आहे: ३० वरही शटर १/५० च ठेवा, ६० वर १/१००. स्वस्त एलईडी पार (मंचावरचे गोल रंगीत दिवे) आणि मागची एलईडी वॉल यांची लय मात्र वेगळी असते. तिथे साउंड चेक चालू असतानाच अर्धा मिनिट रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर पाहा. उघड्या मैदानात जनरेटर असेल तर तो ५० वर स्थिर राहीलच असं नाही, म्हणून ही चाचणी जनरेटरवरच घ्या.

पहिल्या क्लिपला टाइमलाइन ठरवू देणं

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मोबाईलची क्लिप आधी टाकली आणि टाइमलाइन क्लिपप्रमाणे बदलायची का या प्रश्नाला घाईत ‘चेंज’ म्हटलं, की अख्खी मैफल ३० वर जाते आणि मग २५ च्या चांगल्या कॅमेऱ्यांच्याच फ्रेम सेकंदाला पाच वेळा दुबार दिसतात. आधी २५ ची टाइमलाइन बनवा, मग ‘कीप’ म्हणा. डाविंची या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रोजेक्टचा फ्रेम रेट मीडिया आणायच्या आधीच ठरवायचा. नंतर तो बदलता येत नाही.

उलट बाजूनं ३० ची क्लिप २५ वर आली की सेकंदाला पाच फ्रेम गळतात. आलापीत हे कळतही नाही. द्रुत तिहाईत तबल्यावरची बोटं अडखळताना दिसतात. म्हणून असा कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यासाठी किंवा तंबोऱ्यासाठी वापरा, हातांच्या क्लोजअपला नको. ऑप्टिकल फ्लोनं (सॉफ्टवेअरनं मधल्या फ्रेम नव्यानं बनवून) दुरुस्त करू असं वाटेल, पण वेगात चालणारी बोटं आणि सतारीच्या तारा त्यात वितळल्यासारख्या होतात. साध्या नियरेस्टवर (जवळची खरी फ्रेम घेण्यावर) सोडलेलं बरं.

इंटरप्रिट फुटेज वापरणं

या सगळ्यात सर्वांत घातक चूक हीच. प्रीमियरच्या ‘इंटरप्रिट फुटेज’ किंवा डाविंचीच्या ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’मध्ये जाऊन २४ च्या जागी २५ लिहिलं की सगळं जुळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात रूपांतर काहीच झालेलं नसतं. त्याच फ्रेम फक्त जास्त वेगानं पळतात. तासाभराची क्लिप ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपते आणि मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या मुख्य आवाजाशी तिचं नातं तुटतं. त्या क्लिपचाच आवाज सोबत ओढला गेला तर स्वर सुमारे ७० सेंट (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतो. लयही वाढते. कलाकाराच्या गाण्याशी केलेली ही सरळ छेडछाड आहे.

२९.९७ ला २५ म्हटलं तर तासाचे जवळजवळ ७२ मिनिटं होतात, ते लगेच लक्षात येतं. २३.९७६ ला २४ म्हटलेलं लक्षात येत नाही: तासाला ३.६ सेकंदांची तूट, सुरुवात जुळलेली आणि भैरवी येईतो सगळं विस्कटलेलं. इंटरप्रिट फक्त आवाज नको असलेल्या स्लो मोशनच्या तुकड्यांसाठी ठेवा.

मोबाईलची क्लिप तशीच टाकणं

फोन उजेड आणि गरमीनुसार फ्रेम रेट हलवत राहतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसला तर आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा: फ्रेमरेट २५, कॉन्स्टंट (स्थिर), आरएफ (चित्राचा दर्जा) १६ ते १८, आवाज ४८ किलोहर्ट्झ. मगच सिंकला, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला घ्या.

एकदा सिंक केलं म्हणजे झालं असं मानणं

सगळे कॅमेरे नेमके २५ वर असले तरी प्रत्येकाचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत वीसचा फरक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद, जवळजवळ दोन फ्रेम. म्हणून सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी घ्या आणि शेवटचं टोक तबल्याच्या एखाद्या स्वच्छ थापेवर तपासा. शेवटच्या टाळ्यांच्या गजरावर तपासू नका, तिथे काहीच नेमकं सापडत नाही.

टाळी सोडून वेव्हफॉर्मनं (सॉफ्टवेअरनं दोन्ही आवाजांच्या लहरी जुळवून) सिंक केलं तर आणखी एक फसगत होते. ध्वनीला १४ मीटर जायला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बरोबर एक फ्रेम. बाल्कनीखाली ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकला आवाज तेवढा उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर तो उशीर मिक्सरच्या आवाजाशी जुळवतं आणि चित्र एक फ्रेम आधी येतं. हात पडलेला दिसतो, बोल नंतर ऐकू येतो. ती क्लिप अंतरानुसार एक-दोन फ्रेम उजवीकडे सरकवा.

दुरुस्ती करताना मिक्सरच्या आवाजाला हात लावू नका, तो ताणू नका, दाबू नका. सरकवायचं ते चित्र. कॅमेरा बदलतो त्या प्रत्येक कटला त्या अँगलचा तुकडा एखाद्या फ्रेमनं मागेपुढे करता येतो आणि ते कोणाला दिसत नाही. पूर्ण ख्याल एकाच कॅमेऱ्यावर ठेवायचा असेल, तर मध्येच दोन सेकंद तंबोऱ्याचा किंवा श्रोत्यांचा शॉट टाका आणि त्याच्या आडोशाला मुख्य क्लिप कापून सरकवा.