जुन्या विमा पॉलिसी आणि दूषित जमीन : या कामात येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस केलेल्या मुलामुलींना पहिली नोकरी बहुधा ड्रिलिंग रिगशेजारीच मिळते. मातीचे नमुने, मॉनिटरिंग विहिरी, लॅबचे अहवाल. ते जरूर शिका. पण या सगळ्याचे पैसे कोण भरणार, हे नवख्यांना कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच आधी कळायला हवं. मी इंडियानात बंद पडलेल्या ड्रायक्लीनिंग दुकानांच्या जागांवर काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देते.

ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात ते पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन, पाण्यापेक्षा जड असतं. काँक्रीटच्या भेगांतून आणि गळक्या ड्रेनेजमधून ते खाली उतरतं, भूजलात मिसळतं आणि वर्षानुवर्षं पसरत राहतं. शेजारच्या घरांत जमिनीखालून त्याची वाफ शिरू शकते. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल वस्तीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या प्रकरणानंतर १९८० साली आलेल्या सुपरफंड या सफाईच्या कायद्याने जुन्या प्रदूषणाची जबाबदारीही मागे जाऊन लावता येते, आणि ती आजच्या मालकावरसुद्धा येते. सफाईचा खर्च सहज काही लाख डॉलरच्या घरात जातो. एका छोट्या दुकानाच्या मालकाकडे एवढे पैसे कुठून असणार?

आजची विमा कंपनी हात वर करते, कारण १९८६ पासूनच्या प्रमाणित जनरल लायबिलिटी पॉलिसीत (धंद्यामुळे इतरांचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) प्रदूषण जवळजवळ पूर्णपणे वगळलेलं आहे. त्याआधीच्या पॉलिसींची गोष्ट वेगळी. १९६६ च्या फॉर्मपासून, म्हणजे पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यापासून, त्या ‘ऑकरन्स’ तत्त्वावर चालत. नुकसान ज्या वर्षी घडत होतं, त्या वर्षीची पॉलिसी जबाबदार, मग दावा पन्नास वर्षांनी का येईना. प्रीमियम भरून झाला, दुकान बंद झालं, मालक वारले, तरी ते संरक्षण संपत नाही. शिवाय दाव्याविरुद्ध लढण्याचा, म्हणजे बचावाचा खर्च बहुतेकदा विम्याच्या रकमेच्या बाहेरून, वेगळा मिळतो. सरकारी यंत्रणेने मागितलेली तपासणी त्या बचावखर्चात बसवता आली, तर मालकाला श्वास घ्यायला जागा मिळते.

१९७३ च्या फॉर्ममध्ये प्रदूषण वगळलं, पण ‘अचानक आणि अपघाताने’ झालेलं सोडून. या तीन शब्दांवर प्रत्येक राज्यातल्या कोर्टाने आपापला निकाल दिलाय, त्यामुळे एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात चालेल असं धरू नका. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कायगर खटल्यात, पेट्रोलपंपाच्या गळतीच्या प्रकरणात, प्रदूषण वगळणारं कलमच संदिग्ध ठरवलं आणि निकाल विमेदाराच्या बाजूने दिला. म्हणून इथे १९८६ नंतरच्या पॉलिसीही काढून बघायच्या.

आता खरं काम : पॉलिसी शोधणं. याला इन्शुरन्स आर्किऑलॉजी म्हणतात. मूळ पॉलिसी क्वचितच सापडते, आणि ती सापडलीच पाहिजे असंही नाही. ती होती हे दुय्यम पुराव्यावरूनही सिद्ध करता येतं. जुने वठलेले चेक, हिशेबाच्या वह्या, अकाउंटंटकडच्या फायली, एजंटचं पत्र, इन्शुरन्स सर्टिफिकेट. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार बघा, कारण घरमालक भाडेकरूकडून विम्याचा दाखला मागत. बँकेच्या कर्जाच्या कागदांतही तो असू शकतो. पॉलिसी क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं महत्त्वाची असतात. त्यांवरून ती कोणत्या प्रकारची पॉलिसी होती हे जाणकार ओळखतात, आणि फॉर्म प्रमाणित असल्याने मजकूर त्या काळच्या नमुन्यावरून मांडता येतो.

एका आजींच्या तळघरात आम्हाला यजमानांच्या हिशेबाच्या वह्या मिळाल्या होत्या. त्यांच्या वळणदार अक्षरात दरवर्षी एजंटचं नाव आणि भरलेला प्रीमियम लिहिलेला. आजी ती खोकी टाकून देणार होत्या. घर विकून सफाईचे पैसे भरायचे, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. त्या वह्यांमुळे बोलणी सुरू झाली. तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की कुटुंबाला मी पहिलं सांगते : कागद फेकू नका.

कंपनीचं नाव आज नसेल तर वंशावळ काढायची. उदाहरणार्थ, आयएनए (इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका) १९८२ मध्ये विलीनीकरणातून सिग्ना झाली, सिग्नाचा मालमत्ता आणि अपघात विम्याचा व्यवसाय १९९९ मध्ये एस (ACE) या विमा कंपनीने घेतला, आणि २०१६ मध्ये एसने चब विकत घेऊन तेच नाव लावलं. होम इन्शुरन्ससारख्या काही कंपन्या अवसायनात गेल्या. तिथून पैसे निघणं अवघड.

यात इंजिनिअरचं काय काम? तारखा. पर्क जमिनीत कधी उतरू लागलं, हे वकील सांगू शकत नाही. जुन्या ट्रान्सफर मशिनमध्ये ओले कपडे हाताने काढून ड्रायरमध्ये टाकावे लागत, तेव्हा सांडलवंड ठरलेलीच. मशिन कधी आलं, कुठे होतं, ड्रेन कुठे जात होता, हे सॅनबॉर्नच्या जुन्या अग्निविमा नकाशांवरून, सिटी डिरेक्टरींवरून (कोणत्या पत्त्यावर कोण होतं याच्या जुन्या याद्या) आणि जुन्या कामगारांशी बोलून जुळवायचं. मग भूजलाच्या वेगाशी ते ताडून पाहायचं. तुमच्या अहवालातल्या एका वाक्यावर कोणती पॉलिसी लागू होणार हे ठरू शकतं. खात्री नसेल ते वाक्य लिहू नका, कितीही दबाव आला तरी.

मालकाने विमा कंपनीला कळवण्याआधी सफाई सुरू केली, तर ‘स्वखुशीने केलेला खर्च’ म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून आधी लेखी सूचना, मग फावडं. स्वतःच्या मालकीच्या जमिनीचं नुकसान पॉलिसी सहसा भरत नाही, पण भूजलाला पोचलेली किंवा पोचू पाहणारी हानी वेगळी धरली जाते. त्यामुळे भूजलाचे आकडे नीट घ्या.

कंपन्या कधी एकरकमी पैसे देऊन पॉलिसी परत विकत घेऊ पाहतात. प्रदूषण किती पसरलंय हे कळण्याआधी असा सौदा होणं मला बरोबर वाटत नाही. पुढे शेजाऱ्यांच्या घरात वाफ सापडली, तर मालकामागे कुणी उरत नाही. निर्णय मालकाचा आणि वकिलाचा असतो, पण आपल्या विहिरींनी अजून प्रदूषणाची हद्द गाठलेली नाही, हे अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिणं तुमच्या हातात आहे.

नोकरी लागल्यावर १९६६, १९७३ आणि १९८६ या तिन्ही फॉर्मच्या प्रती ऑफिसात मागून घ्या आणि प्रदूषणाचं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचा.