बॉल सोडा, त्या पाचजणांकडे बघा: एनएफएलची ऑफेन्सिव्ह लाइन सीझनआधी कशी तपासायची

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एमएस स्टॅटिस्टिक्ससाठी कॅन्सस सिटीला आले तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीत कॉलेजच्या टीमकडून कबड्डी खेळायचे, लेफ्ट कॉर्नर, खेळाशी संबंध तेवढाच. आता एका छोट्या स्पोर्ट्स डेटा कंपनीत मी दर ऑगस्टला एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, टीम्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे प्रीसीझन रिपोर्ट लिहिते. हे काम कसं शिकलीस, कुठून सुरुवात करू असं विचारणारे बरेच मेसेज येतात, कोणी पुण्याहून, कोणी इकडे नुकतंच आलेलं, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

आधी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, पुढे पाच धिप्पाड माणसं असतात, मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. समोरच्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही आणि बॉल घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. कबड्डीतली साखळी आठवा. कॉर्नर कितीही दमाचा असू दे, शेजारच्याला त्याची झेप कधी येणार हे कळलं नाही तर रेडर मधूनच निसटतो. इथेही डिफेन्सचे दोघं धावता धावता जागा बदलतात, त्याला स्टंट म्हणतात, बाहेरचा आत घुसतो आणि आतला वळसा घालून बाहेरून येतो, तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो आणि तेही निमिषात, विचारायला वेळच नसतो. म्हणून पाच चांगले खेळाडू म्हणजे चांगली लाइन असं होत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

शिकायची सुरुवात मी फिल्मने नाही, डेटाने केली. एनएफएल दरवर्षी बिग डेटा बोल नावाची स्पर्धा घेते, कॅगल या डेटा स्पर्धांच्या वेबसाइटवर, आणि २०२३ च्या स्पर्धेचा विषय नेमका पासच्या वेळची लाइन हाच होता. २०२१ सीझनच्या पहिल्या आठ आठवड्यांचा ट्रॅकिंग डेटा दिला होता, प्रत्येक खेळाडू सेकंदाच्या दर दहाव्या भागाला मैदानात कुठे होता ते, शिवाय कोणी कोणाला ब्लॉक केलं, कोणाकडून प्रेशर सुटलं तेही. भारतात बसूनही यात भाग घेता येतो, एक पैसा लागत नाही. तुम्ही आर किंवा पायथन शिकत असाल तर जुनी सोल्युशन्स वाचा, त्यातून जेवढं कळतं तेवढं मला कुठल्याच क्लासमध्ये कळलं नाही.

पण नुसत्या आकड्यांवर राहू नका. सॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल सोडायच्या आत पाडल्याचा, आकडा तर लाइनच्या नावावर टाकूच नये असं माझं मत आहे, कारण क्वार्टरबॅक बॉल धरून बसला की सॅक होणारच आणि त्याने पटकन सोडला की ढिसाळ लाइनही चांगली दिसते. त्यापेक्षा ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट बरा, अडीच सेकंद ब्लॉक टिकला की नाही एवढंच तो बघतो.

फिल्मसाठी ऑल-२२ अँगल घ्या, त्यात बावीसही खेळाडू दिसतात, लीगच्या स्ट्रीमिंग सेवेच्या, एनएफएल प्लसच्या, प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतो. एक स्नॅप, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिल्यापासूनचा एक डाव, किमान पाच वेळा बघायचा, दर वेळी एकाच माणसाकडे, आणि बॉलकडे अजिबात नाही. सुरुवातीला हे फार जड जातं, डोळा आपोआप बॉलमागे जातो, मी तर स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवायचे. टॅकलचा मागे जाणारा पहिला पाय बघा, मग हात आधी कोणाचे लागले ते, मग कंबर वळली का. कंबर लवकर वळली की आतली बाजू उघडी पडते, चांगला रशर, क्वार्टरबॅकवर धावून येणारा, तिथूनच आत शिरतो. आणि चूक कोणाची हे लगेच ठरवायची घाई नको, कारण सेंटरने काय कॉल दिला होता ते आपल्याला माहीत नसतं, बऱ्याचदा ज्याच्या बाजूने माणूस सुटलेला दिसतो तो बिचारा बरोबरच असतो.

आता माझी चूक. ऑगस्ट २०२४ मध्ये चीफ्सचा, कॅन्सस सिटीच्या टीमचा, रिपोर्ट माझ्याकडे होता. सेंटर क्रीड हम्फ्री, गार्ड जो थूनी आणि ट्रे स्मिथ, मधले तिघं लीगमधले उत्तम, मी पाचही जणांना मार्क दिले, बेरीज केली आणि लाइन टॉपची म्हणून लिहून मोकळी झाले. लेफ्ट टॅकलला किंग्जली सुआमाताइया हा रूकी, पहिल्याच वर्षाचा खेळाडू, होता, त्याच्याबद्दल फक्त दोन ओळी. दुसऱ्याच आठवड्यात बेंगल्सच्या ट्रे हेंड्रिक्सनने त्याला इतकं हैराण केलं की मॅच संपायच्या आत त्याला बाहेर बसवलं. मग वान्या मॉरिस आला, डी. जे. हम्फ्रीजला घेतलं तर तो जखमी झाला, शेवटी डिसेंबरमध्ये थूनीलाच गार्डवरून टॅकलला सरकवलं आणि त्याच्या जागी माइक कॅलिएंडो आला. म्हणजे भोक एक होतं, ते बुजवताना दुसरं पडलं. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ न करता, जादा माणूस न पाठवता, चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा सॅक केलं आणि ४०-२२ ने जिंकले. त्या रात्री मी माझा रिपोर्ट परत उघडून वाचला. मला फार वाईट वाटलं, कारण हे आधी एकदा घडून गेलं होतं आणि मी ते बघितलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ ची सुपर बोल काढून बघा. सेमीफायनलमध्ये चीफ्सच्या लेफ्ट टॅकल एरिक फिशरची टाच जायबंदी झाली, तर माइक रेमर्स उजवीकडून डावीकडे गेला, त्याच्या जागी गार्ड अँड्र्यू वायली गेला, आणि वायलीच्या जागी स्टेफन विस्निएव्स्की. एक माणूस गेला आणि तीन जागा बदलल्या. चीफ्स बकनिअर्सकडून ३१-९ ने हरले. आणि याच्या बरोबर उलट बघायचं असेल तर २०२३ ची फायनल बघा, ईगल्सचे त्या रेग्युलर सीझनचे ७० सॅक होते, फायनलमध्ये शून्य. त्या दिवशी चीफ्सचे पाचही जण आपापल्या ओळखीच्या जागेवर होते.

सीझनआधीच्या सराव कॅम्पला जमलं तर नक्की जा. चीफ्सचा कॅम्प कॅन्सस सिटीच्या उत्तरेला तासाभरावर सेंट जोसेफला असतो, मिझुरी वेस्टर्न युनिव्हर्सिटीत, लोकांना बघता येतो. पहिले काही दिवस पॅडशिवाय असतात, त्यावरून लाइनबद्दल काहीही लिहू नका, ढकलाढकलीच नसते. पॅड चढले की मगच वही काढा. मी गेले त्या दिवशी उन्हाने गवताचा वास येत होता, पॅडवर पॅड आपटल्याचा आवाज कुंपणापर्यंत यायचा, आणि एकास-एक ड्रिलमध्ये एक तरुण टॅकल ओळीने तीनदा हरला. शेजारचा माणूस म्हणाला, याचं काही खरं नाही. पण ते ड्रिल मुळातच रशरच्या सोयीचं असतं, मोकळी जागा, मदतीला कोणी नाही. अर्ध्या तासाने अकरा-अकराच्या सरावात शेजारी गार्ड आल्यावर तोच पोरगा व्यवस्थित उभा होता, त्याचा डावा हात दर स्नॅपला गार्डच्या खांद्याला हलकेच लागायचा, तू आहेस ना हे बघायला. मी वहीत तेवढंच लिहिलं.

प्रीसीझनच्या तीन मॅचेसमध्ये मुख्य पाचजण जेमतेम एखाद-दोन सिरीज खेळतात, समोरचा डिफेन्सही साधाच असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळ घालवू नका. दुसरा हाफ बघा, तिथे सहावा, सातवा, आठवा माणूस दिसतो. मॅचच्या दिवशी आठ लाइनमन ठेवले तर टीमला ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७, म्हणून आठव्यालाही किंमत आहे. दोन्ही बाजूंना टॅकल खेळू शकणारा एक राखीव आहे का, आणि सेंटर पडला तर स्नॅप कोण देणार, एवढं तरी शोधाच.

नोकरीबद्दल एकच गोष्ट. चार्टिंगची, म्हणजे फिल्म बघून प्रत्येक डावाची नोंद करण्याची, पार्टटाइम कामं निघतात, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटी किंवा ओपीटी या कामाच्या परवानग्यांशिवाय हो म्हणू नका, आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. दरम्यान स्वतःचे दोन-तीन रिपोर्ट लिहून ठेवा, इंटरव्ह्यूत मला तेच दाखवायला सांगितलं होतं.

आता माझ्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर मार्क नसतातच. पाच नावं, प्रत्येकाखाली तो गेला तर कोण येणार, आणि त्यासाठी अजून कोणाला जागा सोडावी लागणार. तिसऱ्या ओळीत नावं भरली की मी लाल पेन घेते. टीमची सीझनसाठीची ५३ जणांची यादी लागली की हे पान पुन्हा पहिल्यापासून लिहायचं, कारण आठवा माणूस कधी कधी आदल्याच दिवशी दुसऱ्या टीमने सोडलेला असतो.