मुंबई ते लंडन : तिकिटावरच्या वेळा कशा वाचाव्यात

मुंबई आणि लंडन यांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागाकार केला तर उत्तर आठ तास येते. परंतु धावपट्टीपर्यंतची वाटचाल, प्रत्यक्ष मार्गातील वळसे आणि समोरून येणारे वारे यांमुळे जाताना साधारण नऊ ते दहा तास लागतात. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो.

तिकिटावर मात्र प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते, आणि गफलत होते ती इथेच. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ६.३० वाजता पोहोचणार असेल, तर हा साडेचार तासांचा प्रवास नव्हे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ मुंबईच्या साडेपाच तास मागे असते; हा फरक त्यात मिळवला म्हणजे खरे दहा तास हाती येतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असल्याने तेव्हा साडेचार तासच मिळवावेत. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना लंडनचीच वेळ कळवावी.