वापरलेली फुलफ्रेम बॉडी घ्यायला निघण्याआधी

आधी कपाटातल्या लेन्स बाहेर काढा आणि त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचा. बॉडीचं नंतर. कॅननच्या ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्स फुलफ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर बसतच नाहीत, आणि किटमधल्या १८-५५ न् ५५-२५० या दोन्ही त्याच जातीच्या. निकॉनच्या लहान सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्स बसतात, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो. डी७५०चे २४ मेगापिक्सेल तिथे साधारण १० वर येतात. म्हणजे बजेटमध्ये एक चांगली लेन्स धरूनच चला, मग उरलेल्या पैशांत बॉडी. निकॉनवाल्यांना एक फायदा मात्र आहे. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स हाताने फिरवाव्या लागायच्या. डी६१०, डी७५० वर त्या आपोआप फोकस होतात, आणि ५० एमएम १.८ डी सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळते.

मग तुम्ही काय टिपता ते प्रामाणिकपणे ठरवा. गणपतीच्या मंडपातले अंधारे कोपरे, रात्रीचे रस्ते, शांत बसलेली माणसं असं असेल तर २०१२ चा कॅनन ६डी आजही पुरतो. त्याचा मधला फोकस पॉइंट चांदण्याइतक्या उजेडातही पकडतो. पण पॉइंट सगळे मिळून ११, त्यातला क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. लालबागच्या मिरवणुकीत ताशावाला नाचत अंगावर आला की हे तोकडं पडतं. तिथे कॅननच्याच ५डी मार्क थ्रीचे ६१ पॉइंट कामाला येतात. लग्नाची कामं घेत असाल तर दोन कार्डांसाठीही तोच घ्या. ६डीत कार्ड एकच, आणि मंगलाष्टकांचे फोटो उडाले तर यजमानांना काय सांगणार? निकॉनमध्ये माझं मत सरळ डी७५० ला. डी८०० चे ३६ मेगापिक्सेल भारी वाटतात, पण फाइली ठेवायला हार्डडिस्क घ्यावी लागते ती कुणी मोजत नाही.

निकॉन डी६०० फार स्वस्त दिसला तर थांबा. त्याच्या सेन्सरवर तेलाचे आणि धुळीचे ठिपके पडायचे. कंपनीने पुढे शटर फुकट बदलून दिलं आणि २०१३ मध्ये डी६१० आणला. शटर बदलल्याचा कागद असेल तरच पुढे बोला. डी७५० च्या सुरुवातीच्या काही बॉडींत फ्लेअरचा, म्हणजे समोरच्या उजेडाचा पट्टा फोटोत उमटण्याचा दोष होता. ट्रायपॉडचा स्क्रू बसतो त्या भोकात टॉर्च मारून बघा, काळा ठिपका दिसला तर ती दुरुस्ती झालेली आहे.

मुंबईत बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत, म्हणजे सीएसएमटीहून चालत, जाणार असाल तर दिवसाउजेडी जा. सोबत स्वतःचं कार्ड (५डी मार्क थ्री किंवा डी८०० साठी सीएफ, म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही), एक लेन्स आणि लॅपटॉप घ्या. दुकानाबाहेर येऊन मोकळ्या आभाळाचा फोटो एफ १६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून काढा आणि लॅपटॉपवर मोठा करून कोपरे तपासा. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. मग बॅटरीचा कप्पा उघडा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट थर धरतो, हॉट शूवर (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर) गंज चढतो, आणि विक्रेता वरून कितीही पुसून ठेवू दे, पट्ट्याच्या कड्या खरं सांगतात. व्ह्यूफाइंडरमधून उजेडाकडे बघा, कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर बॉडी कुणीतरी उघडलीय. का, ते विचारा.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, निकॉनच्या फोटोच्या माहितीतच मिळतो. कॅननच्या या बॉडी केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचाव्या लागतात. फाइलचा नंबर दाखवून कुणी गुंडाळत असेल तर तो ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो हे लक्षात ठेवा. कंपनीच्या हिशेबाने ६डीचं शटर १ लाख फोटोंचं, ५डी मार्क थ्री आणि डी७५० चं दीड लाखाचं. ही काही एक्सपायरी डेट नव्हे, पण काउंट ९०,००० च्या पुढे असेल तर शटर बदलायचा खर्च आणि पार्ट मिळतोय का, हे दुरुस्तीवाल्याला आधी फोनवर विचारा आणि तेवढी रक्कम भावातून कापून मागा.

पैसे देण्याआधी बॉडीच्या तळावरचा सिरीयल नंबर खोक्यावर आणि बिलावर जुळवा. मूळ बिल नसेल तर दुकानाचं बिल नंबरासकट घ्याच. चोरीचा माल निघाला तर तेच हातात असतं. किती दिवसांत परत घेणार तेही त्यावर लिहून घ्या, तोंडी "आपलंच दुकान आहे" चालत नाही. ६डी आणलात तर घरी आल्यावर मेन्यूत जाऊन जीपीएस बंद करा, नाहीतर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खात राहतो. आणि जूनच्या आधी हवाबंद डबा न् सिलिका जेल आणून ठेवा.