दंडार शिकायची असेल तर आधी रोवणीला जा

नववीत 'स्व-विकास व कलारसास्वाद' या विषयाच्या प्रकल्पासाठी मी दंडार घेतली. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, नाच-गाण्यांचं लोकनाट्य. शाळेतले एक सर म्हणाले, "नाचच घ्यायचा तर भरतनाट्यम घे, त्याचे फोटो तरी मिळतात." फोटो मिळतात हे खरंच आहे. पण आरमोरी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या आसपास भरतनाट्यम शिकवणारं कुणी नव्हतं. उलट दंडारीत तीसेक वर्षं नाच्या झालेले, म्हणजे बाईचं काम करून नाचलेले आबाजी आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. आता दरवर्षी गावातली दोन-तीन लेकरं विचारायला येतात, ताई, तू कसं केलं होतंस? म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात आधी धानाचं कॅलेंडर बघ. मृगात पऱ्हे, म्हणजे रोपं टाकतात, जुलै-ऑगस्टात रोवणी, म्हणजे रोपांची लावणी चालते, दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापणीला येतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री दंडार, नाटक उभं राहतं. आमच्या गावात दंडारीची तालीम पोळा झाला की सुरू होते. म्हणून विषय जूनमध्येच ठरव. रोवणीत ओळख कर, पोळ्यानंतर पाय उचलायला लाग, मंडईत पाहा, डिसेंबरात लिही. प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणणाऱ्यांना गुरू भेटतच नाही. तेव्हा गुरू दिवसा विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो आणि रात्री मंडईत.

दंडारच घे असं माझं म्हणणं नाही. जे पायी जाऊन शिकता येईल ते घे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे असशील तर आदिवासींचा रेला नाच आहे. मेळघाटात असशील तर कोरकूंचे नाच होळीला बघायला मिळतात. यवतमाळकडे कोलामांची दंडार आहे, ती आमच्या झाडीपट्टीच्या दंडारीहून वेगळी. बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ राहत असशील तर होळीच्या लेंगीला, म्हणजे त्यांच्या नाच-गाण्याला जा. फक्त होळीवर अवलंबून असलेला नाच निवडलास तर शाळेत फाइल द्यायची तारीख आधी विचारून घे, नाहीतर नाच येईपर्यंत परीक्षा येते.

आता गुरूकडे कसं जायचं ते सांगते, कारण इथेच मी माती खाल्ली होती.

पहिल्या दिवशी मी वहीत बावीस प्रश्न लिहून नेले. आपला जन्म कधी झाला, या कलेची प्रेरणा कोणाकडून मिळाली, असले. आबाजी खाटेवर बसले होते. ते "हो", "नाही", "तसंच काही" एवढंच बोलत राहिले. अकराव्या प्रश्नाला म्हणाले, "कायले लिहून राहिली वं? जनगणना आहे का?" आणि उठून बैलाला पाणी पाजायला गेले. ते बराच वेळ परत आले नाहीत म्हणून मी वही मिटून घरी आले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, परवा त्यांची रोवणी आहे आणि बाया कमी पडून राहिल्या आहेत, तू जा. शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. रविवारी मैत्रिणीलाही ओढून नेलं. दीड दिवस चिखलात वाकून रोवणी केली. बांधीत बाया गाणी म्हणत होत्या आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलेले आबाजी त्यांना मधूनच चुकलेली ओळ सांगत होते. एका गाण्याच्या ठेक्यावर त्यांचा पाय आपोआप हलायला लागला. मी काही विचारलं नव्हतं. ते स्वतःच म्हणाले, "ही चाल दंडारीतली आहे. बायांनी उचलली." माझ्या बावीस प्रश्नांतल्या पाचांची उत्तरं त्या धुऱ्यावर मिळाली.

तेव्हा पैशांचं गणित असं धर: ज्याचा दिवस घेशील त्याला दिवस परत दे. शिकवण्याची फी विचारलीस तर या पिढीतली माणसं अवघडतात. माझा अंदाज असा की, त्यांना ती मजुरी वाटते. पहिल्या तालमीला नारळ-सुपारी ने, पाया पड, आणि शेवटी दुपट्टा दे. मधल्या दिवसांत कामाला हात लाव. पण गुरू एखाद्या मंडळाचे, मानधनावर नाचणारे कलावंत असतील तर मानधन स्पष्ट विचार, तिथे लाजू नको.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. जुन्या दंडारीत बाईचं काम पुरुषच करायचे, नाच्या म्हणजे तोच. त्यामुळे मुलगी तालमीला येते म्हटल्यावर दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं. आबाजीला काही अडचण नव्हती. त्यांचं म्हणणं, आम्ही बायांचं पाहून शिकलो, आता बाई आमचं पाहून शिकेल. तालीम रात्री जेवणं झाल्यावर चालायची म्हणून मी आजीला घेऊन जायचे. आजी भिंतीला टेकून झोपायची, पण ती आहे म्हटल्यावर कुणी काही बोलत नव्हतं. घरचं मोठं माणूस सोबत ने आणि आपण कधी येणार, कधी जाणार हे तालमीच्या म्होरक्याला आधी सांगून ठेव.

पहिले चार-पाच दिवस नाचू नको. टाळ माग आणि बस. आमच्याकडे बऱ्याच चाली केहरव्यात आहेत, म्हणजे आठ मात्रा. काही दादऱ्यात, सहा मात्रांच्या. टाळ हातात असला की मात्रा अंगात उतरते आणि तुझं कुणाला ओझं होत नाही. गण आधी, मग गौळण, मग पुढची कथा, हा क्रमही बसल्या बसल्या कळतो.

पाय उचलायला लागलीस की वहीत लिहायची ही माझी पद्धत. एका ओळीत आठ चौकोन काढ. उजव्या पायाला 'उ', डाव्याला 'डा'. टाच टेकली तर खाली टिंब, चवडा टेकला तर वर टिंब. गिरकी असेल तर चौकोनाला गोल कर. खालच्या ओळीत हात आणि त्याखाली गाण्याचे शब्द. घरी आल्या आल्या लिही. सकाळपर्यंत पाय विसरत नाहीत, डोकं विसरतं.

याच चौकोनांत माझी मोठी चूक झाली. आबाजीचा डावा पाय पाचव्या मात्रेला जरा उशिरा पडायचा. मला वाटलं, वय झालं, गुडघा दुखत असेल. मी वहीत तो नीट पाचव्या मात्रेवर बसवला आणि तसाच सराव केला. पंधरा दिवस आबाजी काही बोलले नाहीत. मग एका रात्री त्यांनी आजीला नऊवारी लुगडं आणायला सांगितलं आणि मला म्हणाले, हे नेसून नाच. नेसले. चौथ्या मात्रेला गिरकी घेतली आणि पाचवीला पाय टाकला तो थेट काठावर. तोंडावर पडता पडता वाचले. सगळी तालीम हसली. गिरकीत लुगड्याचा घोळ फिरून मागे येतो आणि त्याला पाय सोडून जायला एवढासा वेळ लागतो, म्हणून डावा पाय थांबतो. फ्रॉकवर किंवा पंजाबीवर नाचलीस तर हे कधी कळणारच नाही. त्यामुळे नाचाचा जो पोशाख असेल तो पहिल्या आठवड्यातच अंगावर घे, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नको. आणि गुरूचं काही चुकतंय असं वाटलं तर ते जसंच्या तसं लिही, बाजूला प्रश्नचिन्ह टाक.

पायात घुंगरांचे चाळ बांधायची घाई करू नको. घुंगरांच्या आवाजात सगळ्यांचेच पाय ठेक्यात वाटतात. उघड्या पायांनी महिनाभर नाच, मग बांध, आणि बांधताना खाली जुन्या सुती कापडाची पट्टी घे, नाहीतर घोटे सोलतात. सराव सारवलेल्या अंगणात कर. शाळेच्या सिमेंटच्या व्हरांड्यात मी आठ दिवस टाचा आपटल्या आणि नळग्या इतक्या दुखल्या की जिना उतरता येईना. दुखलं तर दोन-तीन दिवस सोड. नाच कुठे पळत नाही.

मोबाइलवर शूटिंग करणार असशील तर आधी विमानाचं चिन्ह दाबून ठेव. माझ्या सगळ्यात चांगल्या गौळणीच्या मध्यावर मावशीचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. ढोलकीपासून लांब बस, गाणाऱ्याच्या बाजूला. ढोलकी सगळे शब्द गिळते. दिवा आपल्या पाठीमागे असू दे, नाचणाऱ्याच्या पाठीमागे नको. आणि विचारल्याशिवाय काही टाकू नको, ना इन्स्टावर, ना गावच्या ग्रुपवर. आबाजीने मला स्पष्ट सांगितलं होतं, लुगड्यातला फोटो शाळेत दाखव, नातसुनेच्या मोबाइलवर नको. तो त्यांचा हक्क आहे, त्यावर मी वाद घातला नाही.

दंडारीत चावट ओळी असतात. शाळेत त्या वाचता येत नाहीत. म्हणून काही जण स्वतःच शब्द बदलून गुळगुळीत करतात, ते मला पटत नाही. गुरूलाच विचार, शाळेत म्हणायचं असेल तर काय म्हणू? आबाजीने दुसरंच कडवं काढून दिलं, जे तालमीत कधी कुणी म्हटलंच नव्हतं. म्हणजे माझा फायदाच झाला.

गावात शिकवणारं कुणीच उरलं नसेल तर मंडईला जा आणि प्रयोगानंतर थांब. नाटकं बघायची तर वडशाला जा, म्हणजे देसाईगंजला. झाडीपट्टीच्या नाटक मंडळांचं ते ठाणंच आहे, आणि तिथल्या बुकिंगच्या दुकानांत कोण कुठे नाचतं हे चहाच्या कपात कळतं. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून झाडीपट्टी म्हटलं की बाहेरचे शिक्षकही मान डोलावतात, हे फाइलच्या पहिल्या पानावर कामाला येतं. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे गुरू-शिष्य परंपरेची योजना चालते. मोठ्या वर्गात गेल्यावर पुढे शिकायचं असेल तर चौकशी तिथे कर. दहावीला लोककलेचे वाढीव गुणही मिळतात, पण त्याच्या अटी आणि कागद असतात. मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच विचार, जानेवारीत विचारून हात चोळत बसू नको.

फाइल लिहिताना प्रस्तावना अर्ध्या पानाची पुरे. कलेचे महत्त्व, संस्कृतीचे जतन, हे सगळे लिहितात आणि सर वाचत नाहीत. तुझे चौकोन दे, गाण्याचे शब्द गुरू उच्चारतात तसे दे. आबाजी 'डोळा' म्हणत नाहीत, 'डोरा' म्हणतात, मी तसंच लिहिलं. सरांनी लाल गोल केला, मी तो खोडला नाही, खाली झाडीबोली, म्हणजे आमच्या झाडीपट्टीची बोली, असं लिहून दिलं. कोणत्या दिवशी किती वेळ शिकलीस त्याचं एक पान जोड. माझ्या चुकीचं पान मी काढून टाकणार होते, पण मैत्रिणीने ठेवायला लावलं, आणि तोंडी परीक्षेत सगळे प्रश्न त्यावरच आले.

फाइलच्या झेरॉक्स दोन काढ, एक शाळेला, एक गुरूला. मी आबाजीची प्रत घेऊन गेले तेव्हा ते धान वाळवत होते. त्यांना वाचता येत नाही. पानं उलटत चौकोनांपाशी आले आणि विचारलं, "याच्यात माजा डावा पाय कोटी आहे?" मी पाचव्या चौकोनाच्या पुढच्या रेघेवर बोट ठेवलं. तिथे 'डा' लिहिलेला होता, थोडा सरकलेला.