सणासुदीला नातेवाईक डोक्यात जातात, वर एकटंही वाटतं? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यावेळी तरी सगळं नीट होईल असं मनात धरून जाणं. अहो, जे काका दरवेळी "पगार किती झाला आता" हेच विचारतात ते यंदा अचानक कशाला बदलतील? काका तेच, प्रश्न तोच, आपण मात्र दरवेळी नव्याने दुखावतो. त्यापेक्षा उत्तर घरूनच ठरवून न्या. "चाललंय बरं, तुमचा गुडघा कसाय आता?" बास. परत विचारलं तर परत हेच वाक्य, त्यात काही भर नाही. लोक चुकतात ते इथेच, दुसऱ्यांदा विचारलं की कारणं द्यायला लागतात, आणि कारण दिलं की समोरच्याला ते खोडून काढता येतं. लग्न का करत नाही याचं कारण सांगितलं की समजा चर्चा सुरू झाली, आणि ती लवकर संपत नाही.

सगळे जमलेले असताना जुने हिशोब काढू नका. चारचौघांत कोणीच माघार घेत नाही, तुम्हीही घेणार नाही. बोलायचंच असेल तर नंतर, त्या एका माणसाशी.

निघायची वेळ पोचल्या पोचल्याच सांगून टाका, "मी पाचला निघणारे". भांडण झाल्यावर उठलं की तो रुसवा धरला जातो आणि पुढची सहा महिने आत्या तेच ऐकवते.

आता एकटेपणा. इथे चूक अशी होते की एकटं वाटतंय ना, मग गर्दीत जा, असं सगळे सांगतात आणि आपण जातोही. रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते, एक म्हणजे मनातलं बोलायला जवळचं माणूस नसणं आणि दुसरा म्हणजे आपला असा ग्रुपच नसणं. आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही! म्हणून तर वीस माणसांनी भरलेल्या घरातही आतून रिकामं वाटतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. कोणी गेलंय, ब्रेकअप झालाय, तर पार्ट्यांनी ते भरत नाही, एका माणसाशी अर्धा तास मोकळं बोलणं जास्त कामाचं. उलट नवीन गावात कोणीच ओळखीचं नसेल तर जुन्या मैत्रिणीशी तासभर फोन करूनही फोन ठेवला की परत तेच, तिथे दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असं काहीतरी धरावं लागतं, क्लास, वाचनालय, कुठे मदतीचं काम, काहीही.

"सगळे बिझी असतील, कशाला त्रास द्यायचा" हा पण एक घोळ. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये यावरच रिसर्च केला, त्यात दिसलं की अचानक आठवण काढलेली समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो. त्यामुळे मेसेज टाकाच, पण फॉरवर्ड केलेला फुलांचा फोटो नको प्लीज, "परवा अमुक बघितलं आणि तू आठवलास" एवढं एक वाक्य चालेल.

रात्री दुसऱ्यांचे फॅमिली फोटो स्क्रोल करणं आणि झोप यावी म्हणून दारू घेणं, दोन्ही नको. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते आणि त्या वेळचे विचार काय असतात ते माहितीये तुम्हाला.

एक मात्र वेगळं. मारहाण, धमक्या, सततचा अपमान असेल तर तो माणूस नुसता अवघड नाही, तिथे वरचं काहीच लागू नाही, जाऊच नका, "मला जमणार नाही" इतकंच कळवा. आणि जगावंसंच वाटत नसेल तर सण होऊन जाऊदे म्हणत थांबू नका, आजच डॉक्टरला, हेल्पलाइनला किंवा विश्वासाच्या माणसाला सांगा.

आणि हो, सुट्टी संपल्यानंतरचा पहिला दिवस रिकामा ठेवू नका, खरी पोकळी तेव्हा जाणवते. त्या दिवसाचं कोणाशी तरी आत्ताच ठरवून ठेवा, नुसतं फिरायला का होईना.