जुन्या दुनळीसाठी बिनशिशाची काडतुसं भरताय? या चुका टाळा

घरात जुनी दुनळी असते, शिशाचे छर्रे वापरायची सोय उरलेली नसते (अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला १९९१ पासून देशभर शिसं बंद, युरोपियन युनियनमध्ये २०२३ पासून पाणथळ जागांवर बंद), मग माणूस बिनविषारी शॉट (म्हणजे छर्रे) आणून स्वतःच काडतुसं भरायला बसतो. डोक्यात गणित एकच, शिसं काढायचं, त्याजागी हे टाकायचं, बाकी सगळं तेच ठेवायचं. घोळ तिथेच होतो. हल (काडतुसाचं नळकांडं), प्रायमर (ठिणगी देणारी बुडाची टोपी), पावडर, वॅड (पावडर आणि छर्ऱ्यांमधला बुचासारखा भाग) आणि शॉट हा पाच जणांचा सेट असतो, एक बदलला की प्रेशर बदलतं, आणि शंभर वर्षांची नळी आधी सूचना देऊन फुगत नाही.

पहिली चूक स्टीलची, आणि ती स्वस्ताईच्या नादात होते. शिशाचे छर्रे चोकमधून (नळीच्या तोंडाकडचा अरुंद भाग) जाताना चेपतात, अंग चोरून निघून जातात. स्टील चेपत नाही. जुन्या बंदुकांच्या नळ्या पातळ, चोक बऱ्याचदा फुल, मग चोकपाशी नळीवर बाहेरून कडं उमटतं आणि वॅड पातळ असेल तर आतून ओरखडे पडतात ते वेगळंच. काही नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या पावडरसाठी चाचणी होऊन शिक्का मिळालेल्या) बंदुकांना हलका स्टँडर्ड स्टील लोड चालतो असं नियम सांगतात, पण माझं मत विचाराल तर जुन्या चांगल्या बंदुकीत मी स्टील घालणार नाही. टंगस्टन सुपर शॉट तर त्याहून कठीण आणि घनता १८ च्या आसपास, त्याचा मोह नकोच. जुन्या नळीसाठी बिस्मथ, किंवा टंगस्टनची भुकटी प्लॅस्टिकमध्ये बांधून केलेला मऊ शॉट, एवढेच पर्याय धरून चाला.

आता बिस्मथ. इथे मी स्वतः माती खाल्लीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या प्रेसवर (काडतूस भरायच्या यंत्रावर) शिशाचा २८ ग्रॅमचा चार्ज बार (छर्रे मापून टाकणारी पट्टी) होता, त्याच बारने बिस्मथ टाकलं, क्रिंप (काडतुसाचं मिटलेलं तोंड) एकदम सुरेख बसला, काडतुसं बघून मीच खूश. मैदानात गेलो तर आवाज दबका, नळीत न जळलेल्या पावडरचे कण आणि कागदावर पॅटर्न विरळ. घरी येऊन एक काडतूस उघडून वजन केलं तर शॉट जेमतेम २४ ग्रॅम! बार आकारमानाने मोजतो ना, वजनाने नाही, शिशाची घनता ११ च्या थोडी वर आणि बिस्मथची साधारण ९.६, तेवढा फरक पडणारच. वर ओझं कमी म्हणून पावडर नीट पेटलीच नाही.

मग मी दुसरी चूक करायला निघालो होतो, मोठा बार लावून २८ ग्रॅम पूर्ण करायचे. वजन बसतं, पण जागा बसत नाही, क्रिंप वर फुगतो, तो बसवायला हँडल जोरात दाबलं की खाली वॅड चेंगरतो आणि पावडरवरचा दाब बदलतो, म्हणजे रेसिपी पुन्हा वेगळी झाली. आणि आवाज दबका वाटला म्हणून दोन ग्रेन (वजनाचं बारीक माप) पावडर वाढवायची हे तर अजिबातच नाही. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे, बिस्मथसाठी प्रेशर टेस्ट झालेला छापील डेटा घ्यायचा, त्यात लिहिलंय तोच हल, तोच प्रायमर, तोच वॅड आणायचा, आणि बार किंवा बुशिंगवर (पावडर मापायची भोकाची कडी) विश्वास न ठेवता वजनकाट्यावर बघायचं. बुशिंगचे तक्ते अंदाजे असतात. प्रायमर ‘सगळे सारखेच’ वाटतात, पण फक्त प्रायमर बदलून प्रेशर बऱ्यापैकी वर जाऊ शकतं, आणि सरळ भिंतीचा हल आणि निमुळता हल यांच्या आत जागा वेगळी असते.

बिस्मथ ठिसूळ असतं, म्हणून त्यात थोडं कथील मिसळतात, तरी कडक लोडमध्ये छर्रे तुटतात. त्यासाठी लोक बफर (छर्ऱ्यांमध्ये भरायची प्लॅस्टिकची भुकटी) घालतात. बफरने प्रेशर वाढतं, त्यामुळे डेटात असेल तरच घाला. जुन्या बंदुकीला तसाही मवाळ लोड हवा असतो, तो ठेवला की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

काही जण छर्रे घरी ओततात आणि शिशाचं जुनं भांडं वापरतात, ते नको. अमेरिकेच्या नियमात बिनविषारी शॉटमध्ये शिसं १ टक्क्यापेक्षा कमी लागतं, भांड्याच्या बुडाशी राहिलेलं शिसं ते गणित बिघडवू शकतं. शिवाय बिस्मथ वितळतं २७१ अंशांना, पण त्यात शिसं पुरेसं मिसळलं तर मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपासच वितळू लागतं, भलताच धातू होतो तो.

चेंबरचं (नळीत काडतूस बसायची जागा) तर किती वेळा सांगायचं. जुन्या ब्रिटिश बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंची म्हणजे ६५ मिमी असतं, आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिमी. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यावर उघडलेल्या हलची, न उडालेलं काडतूस आखूडच असतं, त्यामुळे ७० वालं ६५ मध्ये आरामात जातं आणि माणूस फसतो. बार उडताना क्रिंप पुढच्या निमुळत्या भागात उघडतो, वाट अडते, प्रेशर चढतं. हल कापून ६५ करा, पण मग फोल्ड क्रिंपला (तोंड घड्या घालून मिटायला) जागा कमी पडते, तिथे रोल क्रिंप (कड आत वळवणं) आणि वर पुठ्ठ्याचं कार्ड हा जुनाच मार्ग बरा, अर्थात डेटाही रोल क्रिंपचाच हवा.

आणि चेंबर मोजायच्याही आधी बंदूक गनस्मिथला दाखवा. फक्त काळ्या दारूसाठी प्रूफ केलेली आहे की नायट्रो प्रूफ आहे, प्रूफनंतर कुणी नळी आतून घासून पातळ केलीय का, बंद केल्यावर ढिली पडते का, हे प्रूफचे शिक्के आणि मोजमापाचे गेज सांगतात. बाहेरून चकचकीत दिसते याला काही अर्थ नाही.

ड्रॅमचा (वजनाचं जुनं माप) गोंधळ सगळ्यात घातक. खोक्यावर ‘३ ड्रॅम इक्विव्हॅलंट’ लिहिलेलं असतं, याचा अर्थ ३ ड्रॅम काळ्या दारूइतका वेग, बिनधुराची पावडर ३ ड्रॅम घाला असा नाही. ३ ड्रॅम म्हणजे ८२ ग्रेन होतात, तेवढी बिनधुराची घातली तर बंदूकही जाईल आणि हातही. ग्रेन आणि ग्रॅमचं पण तसंच, १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन, काटा कुठल्या युनिटवर आहे ते प्रत्येक वेळी बघा.

‘प्रायमर चपटा झाला नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे’ हे रायफलवाल्यांकडून आलेलं खूळ. शॉटगनमध्ये प्रायमर बघून प्रेशर कळत नाही, ते फक्त लॅबमध्ये कळतं.

फुसका बार झाला तर? थांबा. दुसरा बार अजिबात नको. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघा, वॅड अडकलेला असू शकतो आणि त्यावर पुढचा बार म्हणजे नळी फाटलीच. मग उरलेल्या काडतुसांपैकी दोनचार उघडून वजन करा, पावडर प्रेसच्या नळीत अडकून एकात कमी आणि पुढच्यात जास्त पडलेली असते बरेचदा. तसं निघालं तर अख्खी बॅच बाद, वाईट वाटलं तरी.

शेवटचं, बरण्यांवर लेबल लावा. न लावल्यामुळे आता हे छर्रे कसले असा प्रश्न पडला असेल तर चुंबक लावा, ओढले गेले तर बहुतेक स्टील. नाही ओढले तर एक छर्रा हातोडीने ठोका, चपटा झाला तर बहुतेक शिसं, फुटला तर बहुतेक बिस्मथ. मिसळ निघाली तर ती बरणी जुन्या बंदुकीच्या टेबलावर ठेवूच नका.